वीस पटाच्या आतल्या शाळा आणि समूह शाळेचा आराखडा

महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पट, म्हणजे विद्यार्थिसंख्या, असलेल्या सुमारे 15 हजार शाळा, त्यांत 1 लाख 85 हजारांच्या आसपास मुलं आणि जवळपास 30 हजार शिक्षक. सप्टेंबर 2023 मध्ये राज्यात समूह शाळांचे, म्हणजे अशा छोट्या शाळांतली मुलं एका मोठ्या शाळेत एकत्र आणण्याचे, प्रस्ताव मागवले गेले, ते या आकड्यांच्या आधारावर. सरासरी काढली तर एका शाळेत बारा-तेरा मुलं येतात. एवढ्यांत कबड्डीचे दोन संघ पुरे होत नाहीत आणि तिसरीच्या वर्गात एकच मूल असू शकतं. ही अडचण खरी आहे, ती कुणी नाकारू नये.

पण हा पट आपोआप कमी राहिलेला नाही. 2000 च्या सुमारास वस्तीशाळा सुरू झाल्या, त्याच मुळी एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वाड्या-पाड्यांसाठी. मंदिराच्या सभामंडपात, कुणाच्या पडवीत वर्ग भरायचे. शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू झाला आणि या शाळा नियमित शाळांमध्ये बदलल्या. छोट्या वस्तीची शाळा छोटीच असणार, हे तेव्हा सगळ्यांना मान्य होतं. पुढे जन्मदर घटला, कुटुंबं कामासाठी शहरात गेली, इंग्रजी माध्यमाच्या व्हॅन गावात फिरू लागल्या आणि पट आणखी उतरला. 2017 च्या अखेरीस दहाच्या आत पट असलेल्या सुमारे 1,300 शाळा जवळच्या शाळेत समायोजित करायचा निर्णय झाला, तेव्हाही विरोध झाला होता.

2023 च्या वादाचं मूळ एका जुन्या कल्पनेच्या वापरात आहे. 1964–66 च्या शिक्षण आयोगाने शाळा संकुल सुचवलं होतं. हायस्कूल आणि भोवतालच्या प्राथमिक शाळांनी ग्रंथालय, प्रयोगशाळा, शिक्षकांचं कौशल्य वाटून घ्यायचं, शाळा मात्र आपापल्या जागी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हेच संकुल पाच ते दहा किलोमीटरच्या परिघात पुन्हा मांडलं. समूह शाळेत मात्र मुलांनाच हलवायचं आहे. धोरणाचा आधार सांगताना हा फरक पुसला गेला, आणि माझ्या मते गावकऱ्यांचा अविश्वास इथूनच वाढला. शाळा बंद करण्याचा हेतू नाही, असा खुलासा नंतर आला खरा, पण तोवर मोर्चे निघाले होते.

समूह शाळेचा नमुना म्हणून दाखवलं गेलं पुणे जिल्ह्यातलं पानशेत. धरणाच्या जलाशयाभोवती, डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. समोरची वाडी नजरेला दिसते, पण तिथे जायचं तर पाण्याला वळसा घालावा लागतो. म्हणूनच नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं अंतर अशा ठिकाणी काही कामाचं नाही. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर ही कायद्याची मर्यादा सहा वर्षांच्या मुलाच्या पायांचा विचार करून आली आहे. ती ओलांडायची तर गाडी हवीच. आराखड्यात वर्गखोल्या, संगणक कक्ष, मैदान सगळं असतं, पण गाडी, चालक, डिझेल आणि सोबत बसणारी बाई हा दरवर्षीचा खर्च इमारतीच्या अंदाजपत्रकात मावत नाही. ओढ्याला पूर आला की गाडी कुठे थांबणार, हे तर फार थोड्या ठिकाणी विचारलं जातं.

दुसरा नमुना सातपुड्यातल्या तोरणमाळचा, निवासी. तिथल्या दुर्गम पाड्यांत शिक्षक टिकवणं कठीण, हे मान्य. तरीही पहिलीतलं मूल घरापासून दूर ठेवायचं म्हणजे त्याची बोली समजणारं माणूस वसतिगृहात हवं, आणि सणाला घरी न्यायला येणाऱ्या आई-वडिलांना बसायला जागाही हवी.

2024 मध्ये वादाला नवं वळण लागलं. कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक जागा सेवानिवृत्त किंवा कंत्राटी शिक्षकाने भरण्याचे निर्णय आले. कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेतच. एक जागा अशी तात्पुरती झाली की पालक मुलाला दुसरीकडे घालतात, पट आणखी उतरतो आणि समायोजनाच्या यादीत त्या शाळेचं नाव येतं.

समूह शाळेचा प्रस्ताव गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीसमोर येतो तेव्हा चर्चा बहुतेक नव्या इमारतीचीच होते. वाडीतल्या जुन्या दोन खोल्यांचं काय, हेही त्याच प्रस्तावात लिहून घ्यायला हवं. अनेक ठिकाणी ती जागा कुणीतरी शाळेसाठी म्हणून दान दिलेली आहे आणि भिंती लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या आहेत. तिथे निदान अंगणवाडी आणि पहिली-दुसरी चालू ठेवावी, अशी मागणी रास्त आहे.