एफसिंकचा घोळ: पोस्टग्रेसमधल्या एका ‘दुरुस्ती’ची पार्श्वभूमी

पोस्टग्रेस या डेटाबेसचे मायनर रिलीज, म्हणजे छोट्या आवृत्त्या, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरात येतात. त्यांत फक्त दुरुस्त्या असतात. नवी सोय हवी असेल तर वर्षातून एकदा येणाऱ्या मेजर रिलीजची वाट पाहायची. हा शिरस्ता इतका अंगवळणी पडला आहे की मायनर पॅच मारताना बरेच जण टेस्टिंगच्या भानगडीत पडत नाहीत. १४ फेब्रुवारी २०१९ ला ११.२, १०.७, ९.६.१२, ९.५.१६ आणि ९.४.२१ या पाच आवृत्त्या एकत्र आल्या, त्याही अशाच मुकाट्यानं बसवल्या गेल्या. त्यांत एक बदल असा होता की डिस्कवर लिहिताना विशिष्ट प्रकारची चूक आली तर डेटाबेसनं यापुढे स्वतःहून कोसळायचं. याला दुरुस्ती म्हणायचं की वागणुकीतला बदल, यावर आजही दोन मतं ऐकू येतात.

मागचा इतिहास थोडक्यात. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात संशोधन म्हणून सुरू झालेलं हे काम १९९६ मध्ये आजचं नाव घेऊन मोकळ्या मैदानात उतरलं. २००१ च्या ७.१ मध्ये वॉल, म्हणजे राइट-अहेड लॉग आला, आणि आपली गोष्ट तिथून सुरू होते.

वॉल म्हणजे रोजकीर्द आणि डेटा फाइल म्हणजे खतावणी. व्यवहार आधी रोजकीर्दीत पक्का लिहायचा, खतावणीत सवडीनं उतरवायचा. चेकपॉइंटच्या वेळी ‘इथपर्यंतचं सगळं खतावणीत उतरलं’ अशी खात्री करायची आणि मग रोजकीर्दीची जुनी पानं पुसून पुन्हा वापरायची. ही खात्री देणारा सिस्टिम कॉल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला करायची विनंती, म्हणजेच एफसिंक. तो ‘झालं’ म्हणाला की झालं.

‘नाही झालं’ म्हणाला तर? रोजकीर्दीच्या बाबतीत उत्तर आधीपासून कडक होतं: सर्व्हर पॅनिक करून बंद. खतावणीच्या बाबतीत मात्र लॉगमध्ये एरर लिहायची, चेकपॉइंट सोडून द्यायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा एफसिंक करायचा. दुसऱ्यांदा ‘झालं’ आलं की आनंदीआनंद.

मार्च २०१८ मध्ये एका विकासकानं दाखवून दिलं की हा आनंद खोटा आहे. एका ग्राहकाकडे स्टोरेजमध्ये बिघाड झाल्यावर डेटा खराब झाला होता, त्याचा माग काढताना हे सापडलं. लिनक्समध्ये एखादं पान (मेमरीतला डेटाचा तुकडा) डिस्कवर लिहिताना चूक आली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ती चूक कळवतो, पण त्याच दमात ते पान ‘स्वच्छ’, म्हणजे लिहून झालेलं, म्हणून नोंदवतो. म्हणजे कारकुनानं पहिल्यांदा सांगितलं, ‘शाई सांडली, नोंद उतरली नाही’, आणि तरीही नोंदीपुढे बरोबरची खूण करून ठेवली. दुसऱ्यांदा विचारलं तर तो म्हणणार, ‘आता काही बाकी नाही.’ मालक विश्वास ठेवतो आणि रोजकीर्दीचं पान पुसतो. नोंद दोन्हीकडून गेली.

त्याहून वाईट प्रकारही होता. ४.१३ पूर्वीच्या कर्नलमध्ये ती चूक भलत्याच प्रोसेसच्या एफसिंकला कळवली जायची आणि तिथेच विरून जायची. ४.१३ पासून फाइल उघडून बसलेल्या प्रत्येकाला ती एकदा कळू लागली, पण चूक होऊन गेल्यावर फाइल उघडणाऱ्याला ती दिसेलच याची हमी तेव्हाही नव्हती. आणि पोस्टग्रेसमध्ये लिहिणारी प्रोसेस एक, एफसिंक करणारी चेकपॉइंटर दुसरी. हे छिद्र कर्नलवाल्यांनी नंतर बरंचसं बुजवलं.

चूक कोणाची, यावर बरंच रण माजलं. फाइल सिस्टिम सांभाळणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: कोणी पेन ड्राइव्ह मध्येच उपसून काढला तर त्याची न लिहिलेली पानं कर्नलनं मेमरीत किती दिवस धरून ठेवायची? मशीनच गुदमरेल. डेटाबेसवाल्यांचं म्हणणं, मानकात असं कुठे लिहिलंय की चूक सांगितल्यावर डेटा टाकून द्यावा? फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम तर पान ‘अस्वच्छ’च ठेवते. मला विचाराल तर दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, पण नुकसान एकाच बाजूला होत होतं, त्यामुळे वाकायचं कोणी हे ठरलेलंच होतं.

‘वीस वर्षं एफसिंक चुकीचा वापरला’ असं तेव्हा सर्रास बोललं गेलं. ते जरा सैल विधान आहे. २००५ च्या ८.० आधी चेकपॉइंटला एफसिंक नव्हे, सिंक हा वेगळा कॉल वापरला जायचा, आणि तो बिचारा चूक कळवतच नाही. म्हणजे पूर्वी काही बरं चाललं होतं अशातला भाग नाही.

शेवटी उपाय ठरला तो असा: खतावणीचा एफसिंक फसला तरी पॅनिक. सर्व्हर पडतो, पुन्हा उठताना मागच्या पूर्ण झालेल्या चेकपॉइंटपासून रोजकीर्द वाचतो आणि पानं नव्यानं लिहून काढतो. ज्यांची ऑपरेटिंग सिस्टिम पान राखून ठेवते त्यांच्यासाठी पॅनिकऐवजी पूर्वीसारखा पुन्हा प्रयत्न करू देणारी ‘डेटा_सिंक_रिट्राय’ ही नवी सेटिंग दिली, मूळ स्थितीत बंद. नोव्हेंबर २०१८ मध्ये हा बदल कोडमध्ये गेला आणि सगळ्या चालू आवृत्त्यांत बॅकपॅच झाला, म्हणजे जुन्या आवृत्त्यांतही घातला गेला. मायनर रिलीजमध्ये नवी सेटिंग आणि नवी वागणूक! एरवी असा पॅच कोणी उंबऱ्याच्या आत घेतला नसता. बाजूनं युक्तिवाद एकच होता, आणि तो खोडणं अवघड होतं: डेटा गुपचूप हरवत असेल तर तो बगच, मग दुरुस्ती कितीही मोठी दिसो.

आमच्याकडे याचा अनुभव काही महिन्यांतच आला. रात्री अडीचला स्टोरेजचा थिन पूल (अनेक व्हॉल्यूममध्ये वाटून दिलेली सामायिक जागा) भरला, एफसिंक फसला, लॉगमध्ये ‘पॅनिक’ची ओळ आणि सर्व्हर बंद. जागा वाढवल्यावर तो आपसूक वर आला, एकही नोंद गेली नव्हती. सकाळच्या मीटिंगमध्ये प्रश्न मात्र हाच: ‘नुसता मायनर पॅच मारला होता ना, मग सर्व्हर पडलाच कसा?’ जुन्या आवृत्तीत तो पडला नसता हे खरं होतं, आणि तेच समजावून सांगणं सगळ्यात कठीण गेलं.

त्यानंतरच्या घटनांतही तोच पेच दिसतो. जून २०२२ मध्ये १४.४ वेळापत्रक मोडून आली, कारण १४ मध्ये ‘कॉन्करंटली’, म्हणजे टेबलवरचं लिहिणं न थांबवता, बनवलेले इंडेक्स खराब होऊ शकत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये १७.१ च्या एका दुरुस्तीनं आतल्या एका रचनेचा आकार वाढला आणि आधी कंपाइल केलेली काही एक्स्टेन्शन (डेटाबेसला जोडायची पूरक मॉड्यूल) बिघडण्याची वेळ आली. आठवड्याभरात १७.२ काढावी लागली.

डेटा खराब झाला तर ते कळावं तरी म्हणून चेकसम, म्हणजे प्रत्येक पानाचे पडताळणी-आकडे, ९.३ पासून होते, पण नवा क्लस्टर (डेटाबेसची मांडणी) बनवताना आठवणीनं मागावे लागत. सप्टेंबर २०२५ च्या १८ मध्ये ते मूळ स्थितीतच चालू आले. कर्नलची कॅश टाळून थेट डिस्कशी बोलण्याची सोय १६ मध्ये आली, ती विकासकांच्या चाचणीपुरती. १८ मधलं असिंक्रोनस आयओ, म्हणजे डिस्कच्या उत्तराची वाट न पाहता पुढचं काम चालू ठेवणं, वाचण्यापुरतं आहे. लिहिणं अजून त्याच कर्नलच्या हातून होतं, आणि ‘डेटा_सिंक_रिट्राय’ अजून बंदच असते.