अवयवांतील जनुक-नियंत्रण : प्रतिलेखन घटक व क्रोमॅटिन

एकाच प्राण्याच्या सर्व अवयवांत जवळपास तेच डीएनए असताना कोणत्या अवयवात कोणते जनुक चालू राहील हे ठरवणारी पेशीतील यंत्रणा. विळीवर बांगडा साफ करताना यकृत, हृदय आणि कल्ले वेगवेगळे हाताला लागतात. तिघांचा रंग, पोत आणि काम निराळे, जनुकसंच मात्र एकच.

माणसाच्या एका पेशीत सुमारे २ मीटर डीएनए असते. त्याच्या १४७ बेसजोड्या (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या) आठ हिस्टोन, म्हणजे डीएनए गुंडाळून ठेवणाऱ्या, प्रथिनांच्या गाभ्याभोवती जेमतेम पावणेदोन वेढे घेतात. हा एक मणी म्हणजे न्यूक्लिओसोम. अशा मण्यांची माळ म्हणजे क्रोमॅटिन. माळ घट्ट असेल तर तिथली जनुके वाचता येत नाहीत. हिस्टोन एच-३ च्या २७व्या लायसिनवर (प्रथिनाच्या साखळीतील एक अमिनो आम्ल) असिटाइल हा रासायनिक गट बसला की तो भाग बहुधा उघडा व चालू असतो, तीन मिथाइल गट बसले की बंद. एका लायसिनवर दोन्ही खुणा एकाच वेळी बसू शकत नाहीत.

प्रतिलेखन म्हणजे जनुकाची आरएनए प्रत काढणे. प्रतिलेखन घटक ही त्यावर नियंत्रण ठेवण्यासाठी डीएनएवरचा ठरावीक, साधारण ६ ते १२ अक्षरांचा क्रम ओळखून बसणारी प्रथिने. माणसात ती सुमारे १,६०० आहेत. एक घटक म्हणजे एक अवयव असे समीकरण नसते. जोडीदार कोण, यावर सारे अवलंबून असते. गाटा-४ हा घटक हृदयाच्या घडणीत एनकेएक्स-२-५ आणि टीबीएक्स-५ या घटकांसोबत काम करतो, तर भ्रूणाच्या यकृतपूर्व पेशींत तोच फॉक्स-ए सोबत अल्ब्युमिन जनुकाच्या वर्धकावर (जनुकाचे वाचन वाढवणारा डीएनएचा तुकडा) बसतो. फॉक्स-ए हा ‘अग्रणी’ घटक : मण्याभोवती गुंडाळलेल्या डीएनएवरही तो बसतो आणि इतरांना वाट करून देतो.

एक जनुक अनेक अवयवांत लागत असेल, तर त्याला बहुधा प्रत्येकासाठी चालू-बंद करणारी वेगळी कळ असते. गोव्याला परिचित असलेल्या व्हायव्हॅक्स हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरताना डफी प्रथिनाचा आधार घेतो. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बहुतेक लोकांत या प्रथिनाच्या जनुकाच्या प्रवर्तकात (वाचन जिथून सुरू होते तो डीएनएचा भाग) टी च्या जागी सी हे एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे गाटा-१ हा प्रतिलेखन घटक तिथे बसत नाही, तांबड्या पेशींवर डफी उमटत नाही आणि या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात मात्र तेच जनुक चालू राहते. प्रथिनाची रचना जराही न बिघडता फक्त एका ऊतीतली कळ तुटण्याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

क्रोमॅटिनचा कोणता भाग उघडा आहे हे पाहण्यासाठी २०१३ पासून अटॅक-सेक ही पद्धत वापरतात. सुमारे ५०,००० केंद्रके घेऊन त्यांवर टीएन-५ हे विकर (एंझाइम) ३७ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवतात. ते उघड्या जागीच डीएनए कापते आणि तिथे ओळखपट्टी जोडते. केंद्रके कमी पडली तर विकर बंद भागही कापत सुटते, जास्त झाली तर काप अपुरे पडतात. नीट जमलेल्या नमुन्यात तुकड्यांच्या लांबीची शिडी दिसते : १०० बेसजोड्यांच्या आतले तुकडे सर्वाधिक, मग २०० च्या आसपास एका मण्याचे, ४०० च्या आसपास दोन मण्यांचे. हृदयाचा नमुना विशेष त्रासदायक असतो. त्यात तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) खच्चून भरलेल्या, आणि त्यांच्या डीएनएवर हिस्टोन नसल्याने विकर आधी तेच कापते. सौम्य डिटर्जंटने पेशी फोडून केंद्रके धुतली की हा कचरा बराच कमी होतो.

माशांवर काम करताना आणखी एक अडचण येते. सस्तन प्राण्यांच्या पक्व तांबड्या पेशींत केंद्रक नसते, माशांच्या असते. रक्त धुतले नाही तर यकृताच्या नावाखाली रक्तपेशींचे क्रोमॅटिन मोजले जाते. शिवाय ट्रॉलरवर दिवसभर बर्फात राहून गोव्यातील मालीमच्या धक्क्याला उतरलेला बांगडा कढीसाठी उत्तम, या कामासाठी शिळा : मेलेल्या पेशीतील विकरे उघडे डीएनए आधी कुरतडतात. म्हणून मासा जिवंत मिळवावा, अवयव काही मिनिटांत काढून थंड क्षारद्रवात धुवावा आणि लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवावा.