केंब्रिजचा निबंध ते सदाशिव पेठेतला अग्रलेख : इंग्रजीच्या वर्गात चालू घडामोडी आल्या कशा?

१९१३ साली केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाने परदेशी उमेदवारांसाठी इंग्रजीची एक परीक्षा सुरू केली. तिचं नाव ‘सर्टिफिकेट ऑफ प्रॉफिशियन्सी इन इंग्लिश’. आपापल्या देशात इंग्रजी शिकवू पाहणाऱ्यांनी ती द्यावी, अशी कल्पना होती. परीक्षा एकूण बारा तासांची. फ्रेंच किंवा जर्मनमधून भाषांतर आणि उलटही, व्याकरण, तीन तासांचा साहित्याचा पेपर, ध्वनिशास्त्र, श्रुतलेखन, वाचन-संभाषण आणि दोन तासांचा निबंध. पहिल्या वर्षी तिघे बसले. तिघेही नापास.

निबंधाचे सहा विषय पाहिले की नापास होण्याचं फारसं आश्चर्य वाटत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या राजकीय चळवळींचा इंग्लंडच्या साहित्यावर झालेला परिणाम, प्री-राफेलाइट चित्रकार, एलिझाबेथकालीन प्रवास आणि शोध, स्थानिक स्वराज्याचा विकास, इंग्रज कवी-समीक्षक मॅथ्यू अर्नोल्ड आणि सहावा विषय ‘इंडियन म्युटिनी’. म्हणजे १८५७. त्याच उठावावरच्या, १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सावरकरांच्या पुस्तकावर त्या वेळी सरकारची बंदी होती आणि ते स्वतः अंदमानात होते. इकडे केंब्रिजला एखाद्या फ्रेंच किंवा जर्मन माणसाने याच विषयावर सफाईदार इंग्रजीत दोन तास लिहिणं अपेक्षित होतं. कुठल्या बाजूने लिहायचं, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

वरच्या पातळीवर भाषा शिकवायची तर नुसती भाषा पुरत नाही, कुठलं तरी जग सोबत शिकवावंच लागतं. ते जग कुणाचं, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत सुटलेला नाही. केंब्रिजचं तेव्हाचं उत्तर सरळ होतं: इंग्लंडमधल्या शिकलेल्या माणसाचं.

आपल्याकडे याचं दुसरं उत्तर त्याआधी ऐंशी वर्षं देऊन झालं होतं. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघालेल्या ‘दर्पण’मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी रकान्यांत असे. संपादक बाळशास्त्री जांभेकर तेव्हा जेमतेम विशीचे. विलायती विद्यांचा अभ्यास इथल्या लोकांत वाढावा आणि देशाच्या भल्याबद्दल उघडपणे विचार करायला जागा मिळावी, असे दोन हेतू पत्राने जाहीर केले होते. मराठी वाचणाऱ्याने नजर बाजूच्या रकान्यात नेली की तोच मजकूर इंग्रजीत समोर. विषय मुंबईचे, देशाचे. इंग्रजी त्यांच्यामागून येणार. ‘दर्पण’ हे काही पाठ्यपुस्तक नव्हतं आणि १८४० मध्ये ते बंदही पडलं. पण ओळखीच्या विषयातून परकी भाषा शिकवण्याची कल्पना मला केंब्रिजच्या त्या प्रश्नपत्रिकेपेक्षा कितीतरी शहाणपणाची वाटते.

केंब्रिजलाही पुढे वाकावं लागलं. उमेदवार मोजकेच येत होते. १९३०च्या दशकात निबंधाचे विषय सर्वसाधारण झाले, ध्वनिशास्त्राचा पेपर गेला. मग रेडिओ आला. बीबीसीने १९४३ मध्ये इंग्रजीचे धडे प्रसारित करायला सुरुवात केली. व्हॉइस ऑफ अमेरिकेने ऑक्टोबर १९५९ मध्ये ‘स्पेशल इंग्लिश’ काढलं: सुमारे दीड हजार शब्दांत बसवलेल्या, संथ गतीने वाचलेल्या बातम्या. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या केंद्राने शिकवलेलं हे इंग्रजी होतं, हे ऐकणाऱ्यांनाही ठाऊक असणारच. तरी ही सोय मधल्या पातळीच्या श्रोत्यांची. दीड हजार शब्दांच्या पलीकडे गेलेल्यांचं काय?

त्यांच्यासाठी १९७०च्या दशकात ब्रिटनमधून संवादकेंद्री अध्यापनाची लाट आली. शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम रचलेले उतारे बाजूला पडले आणि शिक्षक वर्तमानपत्राची कात्रणं घेऊन वर्गात येऊ लागले. तेव्हा भाषाशिक्षणाचे ब्रिटिश अभ्यासक हेन्री विडोसन यांनी एक खोच काढली, ती आजही लागू आहे. मजकूर खराखुरा असला म्हणून वाचणाऱ्याचं वाचन खरं होत नाही. ज्या वाचकासाठी तो लिहिला, त्याच्यासारखा प्रतिसाद देता आला पाहिजे. लंडनच्या वर्तमानपत्रात ‘नंबर टेन’ने बोलायला नकार दिला असं छापून येतं. वाक्यातला एकही शब्द अवघड नाही. पण तो पंतप्रधानांच्या घराचा नंबर आहे हे माहीत नसेल, तर कोण गप्प बसलं तेच कळत नाही. याच्या उलट, भारतीय इंग्रजी दैनिकातला ‘आयाराम-गयाराम’ लंडनच्या वाचकाला अडवतो. आपल्याकडे १९६७च्या हरियाणातली ती गोष्ट मुलांनाही माहीत असते.

कात्रणांची गरज पडायला आणखी एक कारण होतं, आणि ते बाजाराचं होतं. जगभर खपायची पुस्तकं कुणालाच दुखावता कामा नयेत. इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या धंद्यात यासाठी ‘पार्सनिप’ हा सांकेतिक शब्द चालतो: राजकारण, दारू, धर्म, लैंगिकता, अमली पदार्थ, सगळे ‘इझम’ आणि डुकराचं मांस या विषयांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा. एवढं वगळल्यावर उरतं काय? सुट्टीतला प्रवास, छंद, प्लॅस्टिकचा कचरा, मोबाइलचे फायदे-तोटे. उत्तम इंग्रजी येणाऱ्या प्रौढ माणसाला यावर तासभर बोलायला लावणं म्हणजे त्याचा अपमानच. १९१३ची प्रश्नपत्रिका एकाच देशाची होती. ही पुस्तकं कुठल्याच देशाची नाहीत.

२००१ मध्ये युरोप परिषदेने भाषापातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली, तेव्हा चालू घडामोडींना तिच्यात अधिकृत जागा मिळाली. टीव्हीवरच्या बहुतेक बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम समजणं ही ‘बी-टू’ची, म्हणजे सहापैकी चौथ्या पातळीची खूण. त्यावरच्या ‘सी-वन’ला नुसतं समजून भागत नाही, लेखनशैलीतले फरक कळावे लागतात, उघडपणे न सांगितलेले संबंधही ऐकताना ओळखावे लागतात. बातमीत काय लिहिलंय यापेक्षा काय गाळलंय, हे शिकवायची पातळी ती हीच.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं रोज इंग्रजी अग्रलेख वाचतात. सामान्य ज्ञान आणि इंग्रजी दोन्हीची सोय एका कागदात. विषय ओळखीचे, मतं टोकदार, म्हणजे जांभेकरांची सोय आयतीच हाती आलेली. प्रत्यक्षात बहुतेक वेळा होतं असं की अग्रलेखातले अवघड शब्द वेगळ्या रंगाने रंगवले जातात, वहीत अर्थासकट उतरतात आणि पान उलटतं. संपादकाने कुणाची बाजू घेतली, कुठला आकडा सोयीने वापरला, कशाबद्दल मौन पाळलं, यावर दोन मुलं इंग्रजीत भांडताना क्वचितच दिसतात. क्लासच्या छापील नोट्समध्ये तर अग्रलेखही उरत नाही, फक्त शब्दांची यादी.