चिप थांबली तरी वीज गळतेच

“सीमॉस सर्किट स्थिर असताना वीज खात नाही,” हे वाक्य नांदेड-लातूरकडची इंजिनिअरिंगची पोरं आजही व्हायव्हाला ठणकावून सांगतात. सीमॉस म्हणजे आजच्या बहुतेक चिपा ज्या ट्रान्झिस्टर-रचनेवर बनतात ती. जुन्या, जाड ऑक्साइडच्या (ट्रान्झिस्टरमधल्या विद्युतरोधक थराच्या) चिपांपुरतं ते वाक्य जवळपास खरं होतं. आता नाही.

ट्रान्झिस्टर ‘बंद’ म्हणजे गेटचा (त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाचा) व्होल्टेज थ्रेशोल्डच्या, म्हणजे तो चालू होण्याच्या पातळीच्या, खाली, एवढंच. तिथेही ड्रेन-सोर्समधून, म्हणजे करंट वाहायच्या दोन टोकांमधून, थोडा करंट झिरपत राहतो. थ्रेशोल्ड साधारण 70 ते 100 मिलिव्होल्टने उतरवला की ही गळती दहापट होते. आणि पुरवठ्याचा व्होल्टेज कमी करून वेग टिकवायचा, तर थ्रेशोल्ड उतरवावाच लागतो. खरी गोम इथे आहे. ऑक्साइड पातळ झाल्यावर गेटमधूनही गळती सुरू झाली. इंटेलने 2007 मध्ये 45 नॅनोमीटरच्या चिप-पिढीला हाफ्नियमवालं डायइलेक्ट्रिक (विद्युतरोधक थर) आणलं ते त्यासाठीच.

शिवाय उष्णतेने गळती झपाट्याने वाढते. त्यामुळे 25 अंशांवर काढलेला आकडा परभणीच्या मे महिन्यात, पत्र्याच्या पेटीतल्या चिपला लावणं साफ चूक. गळतीचा अंदाज काढायच्या मॉडेलमध्ये तापमान हवंच हवं.

क्लॉक (चिपला ताल देणारा सिग्नल) थांबवला तर फक्त स्विचिंगची, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद होण्याची, वीज वाचते. गळती रोखायला त्या भागाचा पुरवठाच तोडावा लागतो, त्याला पॉवर गेटिंग म्हणतात. जिथे वेगाची घाई नाही, तिथे जास्त थ्रेशोल्डचे ट्रान्झिस्टर बसवतात.