हॅझार्ड दिवे, जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारींतील

मोटारीचे डावे-उजवे, पुढचे-मागचे सर्व इंडिकेटर एकाच वेळी उघडझाप करत ठेवण्याची सोय. बंद पडलेली किंवा रस्त्यात अडथळा ठरलेली गाडी मागून येणाऱ्याला दुरून ओळखू यावी, हा तिचा मूळ हेतू. महाराष्ट्रात बोलताना या दिव्यांना सर्रास ‘पार्किंग लाइट’ म्हणतात. ब्रिटनमध्ये मात्र पार्किंगचे दिवे म्हणजे उभ्या गाडीचे मंद, न लुकलुकणारे बाजूचे दिवे. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या पुस्तिका वाचताना ही गल्लत हटकून होते, म्हणून प्रारंभीच हा खुलासा केला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आणि १९८० पर्यंतच्या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारींत हे दिवे कारखान्यातूनच बसवून येत असत का, एवढाच या नोंदीचा विषय आहे. साधारण १९६७ पूर्वी बनलेल्या गाड्यांत ते नसत. अमेरिकेला निर्यात होणाऱ्या गाड्यांत ते १९६७-६८ च्या सुमारास आले. खुद्द ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या गाड्यांत ते सत्तरच्या दशकात, मॉडेलागणिक वेगवेगळ्या वेळी आले. म्हणजे एकाच कारखान्यातून, एकाच आठवड्यात बाहेर पडलेल्या दोन जुळ्या गाड्यांपैकी एकीत हे दिवे असू शकत आणि दुसरीत नसू शकत.

पूर्वपीठिका : युद्धापूर्वीच्या व लगतनंतरच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत वळण दाखवण्यासाठी दाराच्या खांबातून बाहेर येणारा दिव्याचा हात, म्हणजे ट्रॅफिकेटर, असे. उघड्या टपाच्या स्पोर्ट्स गाड्यांत बहुधा तोही नसे. चालक सरळ हात बाहेर काढून इशारा देई. पन्नाशीच्या दशकात लुकलुकणारे दिवे रूढ झाले, पण त्यांसाठी वेगळे दिवे बसवण्याऐवजी आहेत त्याच दिव्यांकडून दुप्पट काम करून घेण्याकडे कारखान्यांचा कल होता. एमजी कंपनीची एमजीए १५०० (१९५५–५९) आणि ऑस्टिन-हीली १०० ही त्याची ठळक उदाहरणे. त्यांत पुढे बाजूच्या पांढऱ्या दिव्याच्या बल्बमधली जास्त प्रखर तार (फिलामेंट) लुकलुके आणि मागे ब्रेकचाच लाल दिवा वळणाचाही इशारा देई.

ही दुहेरी योजना चालवण्यासाठी ल्युकास कंपनीची डीबी-१० ही रिले-पेटी वापरली जाई. (हे नाव आपल्याकडे १९६१ मध्ये मद्रासला स्थापन झालेल्या ल्युकास-टीव्हीएसमुळे परिचित आहे.) तिची रचना थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण अशा गाड्यांत हॅझार्डची सोय नंतर करू पाहणारे बहुतेक जण इथेच अडखळतात. पेटीत डाव्या व उजव्या बाजूसाठी एकेक विद्युतचुंबकी कॉइल असते. दोन्ही कॉइली निवांत असताना ब्रेकचा प्रवाह दोन्ही मागच्या दिव्यांना सरळ मिळतो. चालकाने डावीकडे वळण्याची खूण केली की डावी कॉइल ओढली जाते, मागच्या डाव्या दिव्याचा ब्रेकशी असलेला संबंध तुटतो आणि तो पुढच्या डाव्या दिव्यासह फ्लॅशरला, म्हणजे प्रवाह ठरावीक तालात जोडणाऱ्या-तोडणाऱ्या डबीला, जोडला जातो. या वेळी ब्रेक दाबला तर उजवा दिवा स्थिर पेटतो, डावा लुकलुकत राहतो. आता हॅझार्डसाठी दोन्ही कॉइली एकदम ओढल्या, तर दोन्ही मागचे दिवे ब्रेकपासून तुटतात. गाडी उभी असेल तोवर काही बिघडत नाही. पण दिवे लुकलुकत असतानाच कोणी गाडी हळूहळू पुढे नेली, तर ब्रेक मारल्याची मागच्याला काहीच खूण मिळत नाही. उलट कॉइलींना वगळून चारही दिव्यांच्या तारा थेट एकत्र केल्या, तर ब्रेक दाबताच मागचा प्रवाह उलटा फिरून पुढचे पांढरे दिवेही पेटवतो. मागे वेगळे इंडिकेटर बसवले तरच ही अडचण खऱ्या अर्थाने सुटते. एमजीए १६०० मध्ये (१९५९) मागचे इंडिकेटर वेगळे झाले, आणि १९६२ च्या एमजीबीत ते पहिल्यापासूनच वेगळे होते. हॅझार्डसाठी विद्युत्‌रचनेची वाट अशी नकळत मोकळी झाली होती. ती वापरण्याची निकड मात्र तेव्हा कोणाला वाटली नाही.

ब्रिटनमधील पहिला मोटरवे-खंड, प्रेस्टनचा वळणमार्ग, डिसेंबर १९५८ मध्ये आणि एम-१ चा पहिला टप्पा १९५९ मध्ये खुला झाला. ताशी ७० मैलांची मर्यादा १९६५ च्या अखेरीस आली. भर वेगाच्या रस्त्याकडेला गाडी बंद पडून उभी राहणे ही तेव्हा नवी गोष्ट होती, आणि तिच्यासाठी लाल त्रिकोण व बाजूचे दिवे पुरेसे मानले जात.

अमेरिकेतील उगम आणि कालनिश्चिती : ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारींत हॅझार्ड दिवे अमेरिकी बाजारपेठेमुळे आले, याबद्दल दुमत नाही. नेमके कशामुळे व केव्हा, याबद्दल मात्र आहे. सर्वांत प्रचलित मतानुसार १९६८ चा संघीय कायदा हे कारण. सप्टेंबर १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहन-सुरक्षा कायद्यावर सही केली आणि त्याखालील पहिली मानके १ जानेवारी १९६८ पासून लागू झाली, हे खरेच आहे. परंतु दिव्यांविषयीचे मानक क्रमांक १०८ प्रारंभी फक्त ८० इंच (सुमारे २·०३ मी.) किंवा त्याहून रुंद वाहनांना लागू होते, म्हणजे ट्रक, बस वगैरेंना. इतर गाड्या त्याच्या कक्षेत १ जानेवारी १९६९ पासून आल्या. एमजीबीची रुंदी जेमतेम पाच फूट. तेव्हा या मानकाच्या बळावर १९६८ च्या एमजीबीत हॅझार्ड दिवे असण्याचे कारण नव्हते. तरीही ते होते.

दुसऱ्या मताचा रोख त्याआधीच्या घडामोडींकडे आहे. १९६४ च्या एका कायद्याने अमेरिकी सरकारच्या खरेदी-विभागाला सरकारी गाड्यांसाठी सुरक्षा-मानके ठरवण्याचा अधिकार दिला. १९६७ च्या मॉडेलांसाठी त्याने जी यादी केली, तीत गादी लावलेला डॅशबोर्ड, दुहेरी ब्रेक-मंडल (सर्किट) यांच्या जोडीने चारही दिवे लुकलुकवण्याची सोय होती. यादी सरकारी खरेदीपुरतीच होती, पण डेट्रॉइटच्या मोठ्या कारखान्यांनी सरकारसाठी वेगळ्या गाड्या काढण्यापेक्षा १९६७ च्या सर्वच गाड्यांत ही सोय दिली. तेथील ग्राहकाच्या नजरेत ती अशी एका वर्षात नेहमीची होऊन गेली, आणि परदेशी कारखान्यांना तिच्याशिवाय विक्री करणे अवघड झाले. तारखांचा मेळ पाहता हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. संघीय मानकाने चालू प्रघातावर नंतर शिक्कामोर्तब केले, असे म्हणणे योग्य होईल.

मंडलरचना : साध्या इंडिकेटरच्या फ्लॅशरमध्ये प्रवाहाने तापणारी तार किंवा धातूची पट्टी असते. तापली की ती लांबते व संपर्क बदलतो, निवली की पूर्ववत होतो. त्यातून मिनिटाला ६० ते १२० उघडझापा मिळतात. ल्युकासचे एफएल-५ व नंतरचे ८-एफएल हे याचे नमुने. अशा फ्लॅशरची आखणी ठरावीक भारासाठी, सर्वसाधारणपणे २१ वॅटच्या दोन बल्बांसाठी, केलेली असते. एक बल्ब गेला की प्रवाह घटतो, ताल बिघडतो आणि चालकाला बिघाड कळतो. हा दोष नसून मुद्दाम ठेवलेला गुण आहे.

हॅझार्डसाठी हाच गुण अडचणीचा ठरतो. चार बल्ब म्हणजे ८४ वॅट, बारा व्होल्टवर सुमारे ७ अँपिअर. दोन बल्बांचा फ्लॅशर एवढ्या भाराखाली भलत्याच वेगाने टिकटिकतो आणि लवकर निकामी होतो. शिवाय अपघातात गाडीचा एक कोपरा चेपून बल्ब फुटला, तरी उरलेले दिवे चालू राहिले पाहिजेत. म्हणून हॅझार्डला भार कमी-जास्त झाला तरी ताल न सोडणारा वेगळा, दणकट फ्लॅशर दिला गेला (ल्युकासचा ९-एफएल). जुन्या गाडीच्या डॅशखाली दोन फ्लॅशर दिसले तर त्यांतला एक बहुधा हॅझार्डचा असतो. दोहोंऐवजी एकच दणकट फ्लॅशर लावण्याची युक्ती काही कारागीर करतात. गाडी चालते, पण बल्ब गेल्याची सूचना देणारी सोय हातची जाते.

दुसरा भेद प्रवाह कुठून घ्यायचा याचा. ब्रिटिश गाड्यांतील तारांचे रंग ठरलेले असत. तपकिरी तार बॅटरीकडून थेट, सतत जिवंत. पांढरी तार किल्ली फिरवल्यावर जिवंत. हिरवी तार किल्ली व फ्यूज या दोहोंमागची. डाव्या इंडिकेटरची तार हिरवी-लाल, उजव्याची हिरवी-पांढरी. इंडिकेटरला हिरव्या तारेकडून प्रवाह मिळतो, त्यामुळे किल्ली काढली की ते बंद. हॅझार्ड मात्र किल्ली खिशात घालून मालक मदत आणायला गेला तरी चालू राहायला हवेत. म्हणून त्यांची सुरुवात तपकिरी तारेपासून, तारेतच बसवलेल्या वेगळ्या फ्यूजमधून होते. स्विचही साधा चालत नाही. तो दाबला असतानाच डाव्या-उजव्या तारा एकत्र याव्यात आणि एरवी अलग राहाव्यात, हे त्याला साधावे लागते.

उत्तरकालीन एमजीबीत इंडिकेटरचा नेहमीचा प्रवाहही हॅझार्डच्या स्विचमधूनच फिरवलेला आहे, जेणेकरून हॅझार्ड चालू असताना तो आपोआप तुटावा. परिणाम असा, की वर्षानुवर्षे न वापरलेल्या स्विचच्या संपर्कांवर गंज चढला की साधे इंडिकेटरच बंद पडतात. फ्लॅशर बदलून, बल्ब बदलून, तारा तपासून दमलेल्या मालकाला जाणकार मेकॅनिक हॅझार्डचे बटण दहा-वीस वेळा खालीवर करायला सांगतो आणि बऱ्याचदा तेवढ्याने काम होते.

मॉडेलनिहाय : एमजीबी सप्टेंबर १९६२ मध्ये आली तेव्हा तिच्यात हॅझार्ड नव्हते. १९६७ च्या शरद ऋतूत आलेल्या मार्क २ मध्ये डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला आणि बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडण्याची जुनी पद्धत बदलून ऋण टोक जोडले जाऊ लागले. याच वेळी अमेरिकी गाड्यांना जाड गादीचा डॅशबोर्ड मिळाला. एमजीच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यावरून त्याला थट्टेने ‘ॲबिंग्डनची उशी’ म्हणतात, आणि ती पाहिलेल्या कोणालाही नावाची फोड करून सांगावी लागत नाही. हॅझार्डचा स्विच याच डॅशबोर्डवर होता. ब्रिटनमधील मार्क २ ला जुनाच पत्र्याचा डॅशबोर्ड राहिला आणि हॅझार्ड मिळाले नाहीत. १९७४ च्या अखेरीपासूनच्या रबरी बंपरच्या गाड्यांत मात्र ब्रिटनमध्येही ते आढळतात.

जॅग्वार ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनीव्हा येथे सादर झाली. तिच्या डॅशबोर्डवरची टॉगल स्विचांची देखणी रांग प्रसिद्ध आहे. तीत हॅझार्डचा स्विच नाही. अमेरिकेसाठी १९६७-६८ मध्ये केलेल्या फेरबदलांत टपोऱ्या टॉगलांच्या जागी डोके आपटल्यास इजा न करणारे चपटे रॉकर स्विच आले, आणि हॅझार्डही याच बदलांच्या ओघात आले.

ट्रायम्फच्या टीआर मालिकेत हा दुहेरीपणा सर्वांत स्पष्ट दिसतो. १९६७-६८ मध्ये एकाच बांधणीची गाडी ब्रिटन व युरोपसाठी टीआर-५ आणि अमेरिकेसाठी टीआर-२५० या नावांनी निघाली. पहिलीत इंधन फवारणारे इंजेक्शन होते, दुसरीत कार्ब्युरेटर आणि हॅझार्ड दिवे. अभ्यासकांचे लक्ष साहजिकच इंजिनाकडे राहिले आणि दिव्यांचा फरक तळटिपांत गेला. स्पिटफायरचा इतिहासही साधारण असाच आहे. ती ज्या ट्रायम्फ हेरल्ड मोटारीच्या सांगाड्यावरून बेतली, ती हेरल्ड मद्रासला ‘स्टँडर्ड हेरल्ड’ म्हणून बनत असे.

ऑस्टिन-हीली ३००० चा प्रश्न वेगळ्या रीतीने निकालात निघाला. नव्या अमेरिकी नियमांत बसवण्यासाठी ती नव्याने आखणे परवडणारे नव्हते, आणि तिचे उत्पादनच १९६७ च्या अखेरीस थांबवण्यात आले. मॉर्गन, लोटस यांसारखे छोटे कारखाने स्विच, दिवे, फ्लॅशर बाहेरून तयार विकत घेत, त्यामुळे मोठ्या कारखान्यांचे सुटे भाग त्यांच्या डॅशबोर्डांवर सर्रास दिसतात.

ब्रिटनमधील कायदा : ब्रिटनमध्ये हॅझार्डची सोय १ एप्रिल १९८६ रोजी वा त्यानंतर प्रथम वापरात आलेल्या मोटारींनाच सक्तीची आहे. त्या तारखेपर्यंत ई-टाइप (१९७४), टीआर-६ (१९७६), एमजी मिजेट (१९७९), स्पिटफायर व एमजीबी (दोन्ही १९८०) यांचे उत्पादन बंद होऊन बरीच वर्षे लोटली होती. थोडक्यात, ज्यांना आज ‘क्लासिक’ म्हणतात त्या गाड्यांपैकी बहुतेक सर्व या सक्तीच्या आधीच्याच. मालकाने हौसेने वा काळजीपोटी हॅझार्ड बसवले, तर ते किल्ली चालू-बंद दोन्ही अवस्थांत चालावेत अशी अपेक्षा असते. इंडिकेटर नारिंगीच असण्याची अट १ सप्टेंबर १९६५ पासून प्रथम वापरात आलेल्या गाड्यांना आहे, त्यामुळे एमजीए १५०० च्या पांढऱ्या-लाल दिव्यांना आजही कायद्याचा आक्षेप नाही. मागून येणाऱ्या चालकाला मात्र लुकलुकणारा लाल दिवा ब्रेकचा की वळणाचा, हे चटकन उमगत नाही.

मूळपणाची परीक्षा : एखाद्या गाडीतले हॅझार्ड दिवे कारखान्यातले की नंतरचे, हे ठरवताना गाडी मुळात कोणत्या देशासाठी बनली हे आधी पाहावे लागते. अमेरिकेला गेलेल्या कितीतरी गाड्या ऐंशीच्या दशकापासून पुन्हा ब्रिटनमध्ये आणल्या गेल्या. त्यांतील काहींचे सुकाणू उजवीकडे हलवले गेले, काहींना १९८८ पासून मिळू लागलेला नवा एमजीबी-सांगाडा चढवला गेला. अशा गाडीत ब्रिटिश डॅशबोर्ड आणि अमेरिकी तारांचा जुडगा एकत्र नांदतो. गेडन येथील ब्रिटिश मोटार संग्रहालयाकडून मिळणाऱ्या दाखल्यात गाडीची बांधणी-तारीख व मूळ बाजारपेठ नोंदलेली असते. तारांच्या जुडग्यात हॅझार्डच्या फ्लॅशरकडून स्विचकडे जाणारी तार कापडी वा प्लॅस्टिकच्या मूळ वेष्टनाच्या आतून आलेली दिसली, तर ती कारखान्याची. वेष्टनाबाहेरून, दाबून बसवलेल्या निळ्या-लाल जोडण्यांनी आणलेली तार बहुधा नंतर कोणीतरी गॅरेजात ओढलेली असते.