ओवी मुलांना कळत नाही?

इंदूरच्या मराठी घरांत वर्षानुवर्षं ऐकू येतं : ज्ञानेश्वरी शके 1212 ची, भाषा जुनी, मुलं दिवसभर हिंदी वाचणारी, तेव्हा शाळेत सोपं गद्य रूपांतरच द्यावं. हा समज चुकीचा आहे.

पसायदान घ्या, नऊच ओव्या. 'खळ', 'तिमिर', 'वांछील' हे शब्द पुण्याच्या मुलाला अडतील. इंदूरच्या मुलाला खलनायक, तिमिर आणि वांछित हिंदीतून ठाऊक असतात. अडतं ते व्याकरण. 'विश्वात्मकें देवें'मधला 'एं' म्हणजे आपला 'ने' : विश्वात्मक देवाने. पुष्कळ प्रतींत अनुस्वार गाळतात, मग ही खूण पुसट होते आणि 'येणें वाग्यज्ञें'मधला 'येणें' म्हणजे 'यायचं' असं मूल समजतं. खरा अर्थ 'या'. या वाग्यज्ञाने, म्हणजे वाणीच्या यज्ञाने, देवाने संतुष्ट व्हावं.

आणखी एक चूक मोठी माणसंही करतात. 'खळांची व्यंकटी सांडो' म्हणजे दुष्टांचा नाश नव्हे. त्यांचा वाकडेपणा गळून पडो. गद्यात 'दुष्ट नष्ट होवोत' छापलं की मागणंच उलटं होतं. असलं रूपांतर वर्गात नकोच.

एका तासाला दोनच ओव्या पुरेत. प्रत्येक चरणाशी थांबून मोठ्याने वाचा, पहिल्या तीन चरणांची यमकं मुलांकडून अधोरेखित करून घ्या (देवें, तोषावें, द्यावें), चौथा चरण आखूड आहे हे कानांना कळू द्या. अर्थ त्यानंतर. आधी सांगितला, तर मुलं अर्थ पाठ करतात आणि ओवी वाचतच नाहीत.