भाडे-व्यवसायाची नफा-गुणोत्तरे (मराठवाड्यातील मंडप-बिछायत व्यवसायाच्या संदर्भात)

वस्तू भाड्याने देणाऱ्या लहान व्यवसायात प्रत्यक्ष किती नफा होतो, हे नफा-तोटा पत्रक व ताळेबंद यांतील आकड्यांची एकमेकांशी प्रमाणे काढून तपासण्याची पद्धत. किराणा दुकानदार माल विकतो आणि त्याचे भांडवल काही आठवड्यांत गल्ल्यात परत येते. भाड्याच्या धंद्यात वस्तू मालकाचीच राहते, विकला जातो तो तिचा वापर. भांडवल पाईप, कापड, खुर्च्या, पातेली, टेम्पो यांत पाच-दहा वर्षे अडकते आणि थोडे थोडे करून सुटते. म्हणून ‘शंभराच्या धंद्यात किती सुटले’ हे प्रमाण इथे एकटे पाहिले तर फसवते. गुंतवलेल्या शंभराने वर्षभरात किती भाडे आणले, हे त्याच्या जोडीला पाहावेच लागते.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत तालुक्याच्या गावी आणि बाजाराच्या मोठ्या खेड्यांत बिछायत केंद्रे किंवा टेंट हाऊस असतात. मंडपाचे पाईप, पडदे, कनाती, गाद्या, जाजमे, खुर्च्या, स्वयंपाकाची मोठी भांडी आणि ताट-वाट्या असा माल ती पुरवतात. बऱ्याच ठिकाणी साउंड आणि जनरेटरही त्याच मालकाचे असतात. धंदा तिथीवर चालतो. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, पौषात थंडावतात, एप्रिल-मेमध्ये लगीनसराईचा कळस होतो आणि आषाढी एकादशीपासून चातुर्मासात लग्ने थांबतात. मधल्या काळाला गणेशोत्सव, नवरात्र, १४ एप्रिलची भीमजयंती, गावोगावचे अखंड हरिनाम सप्ताह, पैठणची नाथषष्ठी आणि माळेगावच्या खंडोबासारख्या यात्रांचा आधार असतो. अधिक मासात लग्ने होत नाहीत. तो साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो आणि ज्या वर्षी तो लगीनसराईत पडतो, त्या वर्षाची सगळी गुणोत्तरे खाली येतात. २०२६ मधील अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे, म्हणजे ऐन हंगामातला महिना. अशा वर्षाची तुलना आदल्या वर्षाशी करून धंदा बसला असे म्हणणे चूक ठरते.

गुणोत्तरे कशी बोलतात हे एका कल्पित केंद्रावरून पाहू. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण त्यांची मांडणी धंद्यातलीच आहे. कापड, गाद्या व खुर्च्या ७ लाखांच्या, पाईप व भांडी ५ लाखांची, टेम्पो ६ लाखांचा, अशी मूळ खरेदी १८ लाख. वर्षभराचे भाडे ९ लाख. खर्च असा: मंडप उभारणाऱ्या पोरांची मजुरी व हमाली २,४०,०००, डिझेल व टेम्पोची दुरुस्ती १,१०,०००, गोदामाचे भाडे ६०,०००, धुलाई व शिलाई ५०,०००, मोडतोड, हरवलेला माल व किरकोळ ४०,०००. एकूण ५ लाख. वर्षाअखेर किती राहिले असे विचारले, तर मालक चार लाख सांगतो. रोकड मोजली तर ते खरेही आहे. शंभरास चव्वेचाळीस हे प्रमाण ऐकून गावातला दुसरा कोणीतरी याच धंद्यात उतरतो.

या चार लाखांत घसारा, म्हणजे मालाच्या झिजेची वर्षाची किंमत, धरलेलाच नाही. भाड्याच्या धंद्यात घसारा हा हिशेबनिसाने कागदावर टाकलेला आकडा नसतो. माल खरोखर झिजतो. पडद्याचा रंग दोन उन्हाळ्यांत उडतो, अवकाळी पावसात भिजलेली कनात गोदामात घडी घालून ठेवली की काळी पडते, गाद्यांना उंदीर लागतात. पातेली आणि पाईप मात्र टिकतात, आणि निकामी झाले तरी वजनावर मोडीत जाऊन काही पैसे परत देतात. म्हणून सगळ्या मालाला एकच दर लावू नये. आयकराचे दर (फर्निचरला १०, सर्वसाधारण यंत्रसामग्रीला १५ टक्के) करापुरते ठीक आहेत. मालकाने स्वतःच्या हिशेबाला मालाचे खरे आयुष्य धरावे. कापड-खुर्च्यांना पाच वर्षे धरली तर १,४०,०००, पाईप-भांड्यांना दहा वर्षे धरून ५०,०००, टेम्पोला आठ वर्षे धरून ७५,०००, असा वर्षाचा घसारा २,६५,००० होतो. तो वजा जाता व्याजापूर्वीचा नफा १,३५,००० उरतो. उलाढालीवर हे प्रमाण १५ टक्के येते.

आता मालमत्ता-उलाढाल गुणोत्तर: वर्षाचे भाडे भागिले मालाची किंमत, म्हणजे ९ भागिले १८, अर्धा. एका रुपयाचा माल वर्षात पन्नास पैसे भाडे आणतो. नफ्याचे प्रमाण आणि हे गुणोत्तर यांचा गुणाकार म्हणजे भांडवलावरील परतावा: १५ टक्के गुणिले अर्धा, साडेसात टक्के. परताव्याची अशी फोड १९१० च्या दशकात अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत डोनाल्डसन ब्राऊन यांनी रूढ केली आणि पुढे ती कंपनीच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. प्रचंड कारखान्यासाठी काढलेले हे सूत्र तालुक्याच्या बिछायत केंद्राला तितकेच लागू पडते, किंबहुना इथे ते अधिक गरजेचे आहे. कारण वरच्या केंद्रावर ५ लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी असेल, तर मालक अकराने पैसा घेऊन साडेसाताने कमावतो आहे. ५५,००० व्याज गेले की हातात ८०,००० राहतात. मालक स्वतः, त्याची बायको आणि भाऊ हंगामात रात्ररात्र राबतात, त्यांच्या मेहनतीचा एक रुपयाही अजून धरलेला नाही. महिना १५,००० प्रमाणे एकट्या मालकाचा पगार धरला, तरी केंद्र लाखभर रुपये तोट्यात जाते. घरच्यांची मजुरी न धरणे ही या भागातल्या जवळजवळ प्रत्येक लहान धंद्याच्या हिशेबातली उणीव आहे, आणि तीमुळे माणसे वर्षानुवर्षे स्वतःला फुकट राबवून घेतात.

परतावा काढताना मालाची कोणती किंमत भाजक म्हणून घ्यावी, यावर मतभेद असतात. घसारा वजा जाता उरलेली पुस्तकी किंमत घेतली, तर माल जितका जुना तितका परतावा भरघोस दिसतो. विटके पडदे आणि पाय मोडक्या खुर्च्या घेऊन बसलेले केंद्र कागदावर सर्वांत फायद्याचे ठरते. लहान भाडे-व्यवसायासाठी मूळ खरेदी किंमत, आणि महागाई फार असेल तेव्हा आजची बदली-किंमत, हा प्रामाणिक भाजक होय.

संपूर्ण केंद्राचे गुणोत्तर काढून थांबले, तर कोणता माल वाढवावा हे कळत नाही. त्यासाठी वस्तूवार हिशेब लागतो आणि तो अवघड नाही. ६०० रुपयांची खुर्ची एका कार्यक्रमाला १० रुपये आणत असेल, तर नुसती खरेदी वसूल व्हायला साठ फेऱ्या लागतात. धुणे, चढवणे-उतरवणे वेगळे. वर्षात तीस फेऱ्या झाल्या तर दोन वर्षे, बारा झाल्या तर पाच, आणि पाचव्या वर्षी ती खुर्ची बसण्याजोगी राहिलेली नसते. म्हणजे खुर्चीचे भवितव्य तिच्या फेऱ्यांवर ठरते. पण मंडपवाल्याची अडचण अशी की दाट तिथीला सगळ्यांना एकाच दिवशी माल हवा असतो. त्या चार-सहा तिथींसाठी आणखी पाचशे खुर्च्या घेतल्या तर त्या उरलेले वर्षभर गोदामात थप्पी लावून पडतात आणि मालमत्ता-उलाढाल गुणोत्तर खाली ओढतात. त्यापेक्षा शेजारच्या गावच्या केंद्राकडून भाड्याने माल घेऊन गिऱ्हाईक सांभाळणे परवडते. त्या खुर्चीमागे दोनच रुपये सुटले तरी स्वतःचे भांडवल शून्य असते. जुनी केंद्रे अशी देवघेव एकमेकांत करतातच. गुणोत्तर फक्त तिचा फायदा आकड्यात दाखवते.

सप्ताहाच्या कामाला मंडपवाले कधीकधी नाके मुरडतात, कारण दिवसाचा दर लग्नापेक्षा कमी मिळतो. हिशेब वेगळे सांगतो. लग्नाला एका दिवसाच्या भाड्यासाठी एकदा उभारणी, एकदा उतरवणी आणि टेम्पोच्या फेऱ्या लागतात. सप्ताहात तेवढ्याच मजुरीत मंडप सात दिवस उभा राहतो. शिवाय वर्गणी जमलेली असल्याने काल्याचे कीर्तन झाले की बहुधा पैसे मिळतात. मजुरी व डिझेल भागिले भाडे हे प्रमाण कामवार काढले की दर कमी असलेले काम कोणते आणि तोट्याचे कोणते, हे वेगळे ओळखता येते.

पैसे मिळण्याचा प्रश्न लग्नात खरा बिकट असतो. बयाणा मिळतो, उरलेली रक्कम ‘कार्य झाल्यावर’ वर जाते. वरील केंद्राची वर्षाअखेरची येणी १,८०,००० असतील तर वसुली-काळ (येणी भागिले वर्षाचे भाडे, गुणिले ३६५) ७३ दिवसांचा येतो. ही झाली सरासरी. मे महिन्यातल्या लग्नाची उधारी अनेकदा दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन मोंढ्यावर (शेतमालाच्या बाजारात) गेल्यावर, किंवा कापूस विकल्यावर सुटते, म्हणजे पाच-सहा महिन्यांनी. बँक ३१ मार्चचा ताळेबंद पाहते आणि ती तारीख हंगामाच्या तोंडावर येते: मागची बरीच उधारी वसूल झालेली, पुढची अजून साचायची. त्यामुळे येणी सर्वांत कमी दिसण्याचाच तो दिवस ठरतो. वसुली-काळ जूनअखेर एकदा आणि दिवाळी पाडव्याला एकदा काढावा. दुष्काळी वर्षात तो लांबतोच. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले त्या २०१६ सारख्या वर्षी लग्ने साधेपणाने किंवा सामुदायिक सोहळ्यात उरकली जातात आणि आधीची उधारीही अडकते. भाडे आणि वसुली दोन्ही एकदम खाली येतात.

समतोल बिंदू, म्हणजे किती भाड्याला ना नफा ना तोटा होतो हे, काढण्यासाठी खर्चाचे दोन भाग करावे लागतात. गोदाम, घसारा आणि व्याज हा ३,८०,००० चा खर्च मंडप उठला नाही तरी होतो. मजुरी, डिझेल, धुलाई, मोडतोड कामाबरोबर वाढते. ती जाऊन शंभरामागे सुमारे ५१ रुपये उरतात. या केंद्राला ना नफा ना तोटा या रेषेवर यायला वर्षाचे ७,४३,००० च्या आसपास भाडे हवे. मालकाचा पगार धरला तर १०,९६,०००. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागून ती पूर्ण लगीनसराई बुडाली, तेव्हा हप्ते आणि गोदामाचे भाडे का थांबले नाही, याचे उत्तर खर्चाच्या या पहिल्या भागात आहे.

बँका ज्या गुणोत्तराकडे सवयीने पाहतात ते चालू गुणोत्तर, म्हणजे वर्षभरात रोकड होणारी मालमत्ता भागिले वर्षभरात फेडायची देणी. रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये नेमलेल्या टंडन समितीनंतर १.३३ हा आकडा भारतीय बँकिंगमध्ये रुजला, आणि लहान उद्योगांसाठी नायक समितीने १९९२ मध्ये अंदाजित उलाढालीच्या २० टक्के खेळते भांडवल देण्याची शिफारस केली. हे मोजमाप माल घेऊन विकणाऱ्याचे आहे. मंडपवाल्याकडे विक्रीचा साठाच नसतो. तरी उलाढालीवर कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढायचे-भरायचे कर्जखाते) मंजूर होते आणि त्यातून खुर्च्या-पडदे घेतले जातात. पाच वर्षांत सुटणारा पैसा वर्षाला नूतनीकरण होणाऱ्या खात्यात अडकतो आणि खाते कायम मर्यादेला टेकलेले राहते. अशा खरेदीला मुदत कर्जच घ्यावे. मुद्रा योजनेत (८ एप्रिल २०१५ पासून) शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत आणि तरुणमध्ये १० लाखांपर्यंत ते मिळू शकते. भाडे-व्यवसायाला खरे महत्त्वाचे आहे ते कर्जफेड-क्षमता गुणोत्तर, म्हणजे हप्त्यासाठी हातात असलेली रक्कम भागिले वर्षाचा हप्ता. उदाहरणातील केंद्राचे घसारा व व्याजापूर्वीचे ४ लाख, वर्षाचा हप्ता मुद्दल एक लाख आणि व्याज ५५,०००, गुणोत्तर २.५८, म्हणजे फाईल सहज मंजूर. पण घरखर्चाला महिना २०,००० उचलले की १,६०,००० उरतात आणि गुणोत्तर १.०३ वर येते. वर्षाला शिल्लक पाच हजार, आणि माल मात्र २,६५,००० चा झिजलेला. पाचव्या वर्षी पडदे बदलायला पुन्हा कर्ज काढावे लागते, ते इथून.

हिशेबच नसेल तर गुणोत्तर कशाचे काढणार, ही अडचण खरी आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४४ एडी प्रमाणे दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीवर ८ टक्के (बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के) नफा दाखवला की वह्या ठेवण्यातून सूट मिळे, आणि अनेकांनी तेवढ्यावर भागवले. कराचा प्रश्न त्याने सुटतो, नफा कळत नाही. तीन नोंदी पुरतात: तिथीवार कोणता माल किती गेला व मोजून किती परत आला, त्या कामाची मजुरी व डिझेल, आणि मिळालेले व राहिलेले पैसे. बहुतेकांच्या बुकिंगच्या डायरीत यातल्या निम्म्या गोष्टी आधीच असतात.

इतर भाडे-व्यवसायांत हीच गुणोत्तरे वेगळे रूप घेतात. सेंट्रिंगच्या (स्लॅबच्या साच्याच्या) प्लेटा बांधकाम चालू असेल तोवर बाहेर असतात, त्यामुळे वापराचे दिवस जास्त आणि मोडीची किंमत चांगली. मात्र स्लॅबचे काम झाल्यावरही प्लेटा परत न येणे हा मोठा खर्च. ट्रॅक्टर व अवजारांत डिझेल आणि चालक यांमुळे नफ्याचे प्रमाण कमी, पण एकच ट्रॅक्टर नांगरणी, पेरणी, मळणी अशा कामांना फिरल्याने उलाढाल जास्त राहते. रुंद सरी वरंबा पेरणी यंत्र मात्र मृगाच्या पावसानंतरचे मोजके दिवस चालते आणि उरलेले वर्ष उभे असते. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून (२०१४-१५) आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून मराठवाड्यात अनेक शेतकरी गटांनी अवजारे बँका (शेतीची यंत्रे भाड्याने देणारी केंद्रे) उभारल्या. त्यांचा परतावा काढताना अनुदान वजा करून उरलेल्या रकमेने भागले, तर तो आकर्षक दिसतो. गटाने एकदा यंत्राच्या पूर्ण किमतीने भागून पाहावे, कारण दुसरे यंत्र घेताना अनुदान मिळेलच असे नाही आणि भाड्याचा दर तोवर गावात ठरून गेलेला असतो.